मैदानाला कुलूप कशाला?

आपल्या ओळखीचे खंडाळे दोन. एक बोरघाटाच्या माथ्यावरचा. मुंबईकरांचा, धुक्याचा, बंगल्यांचा आणि शेजारच्या लोणावळ्याच्या चिक्कीचा. दुसरा साताऱ्याच्या वाटेवरचा. पुण्याहून निघालेली एस. टी. सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडते, शिरवळ मागे पडते, आणि खंबाटकीच्या घाटाला लागण्यापूर्वी जे तालुक्याचे गाव येते ते हे. इथे हवा खायला मुद्दाम कोणी येत नाही. माळ, टेकड्या, कालव्याखालची हिरवी शेते, लोणंदचा कांद्याचा बाजार आणि शिरवळचे कारखाने असा इथला सगळा रोकडा व्यवहार. तरीही साथीच्या दिवसांत माणसाने उघड्यावर जावे की घराला कडी लावून बसावे, हा वाद मांडायचा झाला तर मी तो या दुसऱ्या खंडाळ्यापासूनच मांडीन.

दिवाळीच्या अंकात साथीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु साथ ऐन भरात असताना या विषयावर शांतपणे बोलता येत नाही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. तेव्हापासून आपण तो विषय जुन्या मास्कांबरोबर कपाटाच्या मागच्या खणात टाकून दिला आहे. पुढची साथ येईल तेव्हा कचेरीतला कोणी तरी अधिकारी रात्री बसून आदेशाचा मसुदा करील, आणि त्याच्यापुढे नमुना म्हणून मागच्या वेळचेच कागद असतील. म्हणून बोलायचे ते आताच बोलावे.

खंडाळा तालुक्यातल्या नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. त्यांची शाळा सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा शेवट पुष्कळांना अर्धाच ठाऊक असतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग उघडकीस आला आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना काढला तो पुण्याच्या दाट पेठेत नव्हे, तर हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या माळावर आल्या. त्यातच त्यांना रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. वय सहासष्ट.

माळावरचा दवाखाना ही त्या काळची एकट्या यशवंतरावांची कल्पना नव्हती. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, रानात पाले ठोकायची, कुडाच्या झोपड्या उभारायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच संसार थाटायचा, हा परिपाठ पुढच्या वर्षांत देशावरच्या गावोगावी पडला. चुली उघड्यावर, मुले झाडाखाली, म्हाताऱ्या उन्हात. रात्री थंडी वाजायची आणि घरादाराची काळजी जीव पोखरायची, परंतु माणसे जगत. पुष्कळांच्या पणजीने अशा झोपडीतल्या दिवसांच्या गोष्टी सांगितलेल्या असतील. लोकांना कारण ठाऊक नव्हते. उंदरावरच्या पिसवांतून हा रोग माणसात येतो, हे पॉल लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले, आणि ते शास्त्रज्ञांना पटायलाही काही वर्षे गेली. कारण न कळताही उपाय मात्र नेमका सापडला होता: धोका घरात आहे, तेव्हा घराबाहेर पडा.

त्याच वेळी दुसरा एक उपाय चालला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा, पण सरकारला वाटेल ते करण्याची मुभा देणारा. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तावर वॉल्टर चार्ल्स रँड यांना नेमले. हे गृहस्थ आधी साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर होते. गोऱ्या सोजिरांनी घराघरात शिरून केलेल्या झडत्या, माजघरापर्यंत गेलेले बूट आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत कसा झाला, हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. गावे खाली करून लोकांना माळावर हलवण्याचा मार्ग सरकारनेही पुढे उचललाच. परंतु माणूस आपल्या समजुतीने बाहेर पडतो तेव्हा तो बांबू आणि पेंढा स्वतः गोळा करतो, आणि त्याला हाकलले की तोच माणूस आजारी बायकोला धान्याच्या कणगीमागे लपवतो. माणसाचा हा स्वभाव काही बदललेला नाही.

कायदाही जुनाच राहिला होता. तोच चार कलमांचा कायदा महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० रोजी पुन्हा बाहेर काढला. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून सारा देश घरात बसला. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि नीरेच्या पुलावर नाके लागले. गंमत अशी की गावाकडच्या लोकांना पणजीची विद्या आठवायला वेळ लागला नाही. मुंबई-पुण्याहून परतलेल्या चाकरमान्यांना कुठे शाळेच्या वर्गात ठेवले, तर कित्येकांनी आपणहून रानातल्या वस्तीवर, गोठ्याशेजारच्या खोपीत चौदा दिवस काढले. डबा बांधावर ठेवायचा, हाक मारायची आणि मागे फिरायचे. कुटुंब सुरक्षित राहिले आणि पाहुणाही मोकळ्या हवेत राहिला.

शहरात खोप कुठली? दोन खोल्यांत सहा माणसे. त्यांत एक आजोबा, ज्यांना रोज सकाळी दोन मैल चालण्याची वीस वर्षांची सवय. एक आठ वर्षांचा मुलगा, ज्याला दिवसातून तीन वेळा जिन्यावरून उड्या मारल्याशिवाय अन्न पचत नाही. आणि एक गृहिणी, जिला घरातली सगळी माणसे चोवीस तास घरातच असण्याचा अर्थ काय हे तिलाच विचारावे. ज्यांना गच्ची होती ते भाग्यवान. पण पुष्कळ सोसायट्यांनी गच्चीलाही कुलूप घातले. आजोबा दाराजवळून बाथरूमपर्यंत आणि बाथरूमपासून दारापर्यंत चालत राहिले. मधुमेहाच्या, सांधेदुखीच्या, रक्तदाबाच्या रोग्यांना चालणे हे औषध असते, आणि औषधाच्या दुकानांना तर टाळेबंदीतही मुभा होती.

२०२० च्या एप्रिलात पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या काही मंडळींना पोलिसांनी अडवून भर रस्त्यात योगासने करायला लावल्याची बातमी आली होती. लोक हसले. मीही हसलो. पण पाहा, ज्या अपराधाची शिक्षा म्हणून ते आसने करीत होते तो अपराध मोकळ्या हवेत व्यायाम करणे हाच होता, आणि शिक्षाही तीच! पोलिसांना दोष देण्यात अर्थ नाही. उन्हातान्हात त्यांनी रस्त्यावर काढलेले दिवस आणि त्यांच्यातले गेलेले जीव आपण विसरू नये. त्यांच्या हाती दिलेल्या आदेशातच बाहेर पडणे आणि गर्दी करणे यांत फरक केलेला नव्हता.

तो फरक सरकारने पुढे केला, हे मान्य केले पाहिजे. ३ जून २०२० पासून राज्यात समुद्रकिनारे, बागा, मैदाने पहाटे पाच ते संध्याकाळी सात फिरण्या-धावण्यासाठी आणि सायकलीसाठी उघडली; घोळका करायचा नाही, मुलांबरोबर मोठे माणूस हवे, घरापासून फार दूर जायचे नाही, अशा अटींवर. अटी शहाणपणाच्या होत्या. ५ ऑगस्टपासून टेनिस, बॅडमिंटन, गोल्फ असे उघड्यावरचे खेळ सुरू झाले आणि त्या यादीत मल्लखांबही होता. त्या रुक्ष आदेशात मल्लखांब वाचून मला फार बरे वाटले. स्पर्धेत एका वेळी एकच गडी खांबावर. अंतर राखण्याची एवढी सोय दुसऱ्या कुठल्या खेळात आहे?

परंतु सुचलेले शहाणपण टिकले नाही. २०२१ च्या एप्रिलात दुसरी लाट उसळली तशा बागा आणि किनारे पुन्हा बंद झाले. जूनमध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले. त्यांतल्या तिसऱ्या स्तराचे नियम कोणीही काढून वाचावेत. कामाच्या दिवशी दुपारी चारपर्यंत हॉटेलात निम्म्या खुर्च्यांवर बसून जेवायला परवानगी. मैदानावर फिरायला आणि सायकल चालवायला मात्र पहाटे पाच ते सकाळी नऊ एवढीच मुभा. म्हणजे दुपारी दोन वाजता चार भिंतींच्या आत, मास्क काढून, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाच्या श्वासात बसून आमटी-भात खावा; त्याच दोन वाजता ओस पडलेल्या मैदानातून एकट्याने छत्री घेऊन चालू नये.

हॉटेलवाल्यांच्या पोटावर पाय यावा असे कोणी म्हणणार नाही. त्यांची कर्जे होती, नोकरमाणसे होती; त्यांनी संघटना करून सरकारकडे गाऱ्हाणे नेले ते योग्यच केले. मैदानाला मात्र मालक नसतो. त्याचा धंदा बुडत नाही, त्याचे शिष्टमंडळ मंत्रालयात जात नाही. आजोबांची आणि आठ वर्षांच्या मुलाची संघटना नसते. म्हणून बंद करायचे तेव्हा मैदान सगळ्यांत आधी बंद होते आणि उघडायचे तेव्हा सगळ्यांच्या शेवटी आठवते. माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे. शास्त्राच्या अज्ञानात ते त्यामानाने थोडे आहे.

शास्त्र तरी काय सांगते? दिवाळी आहे, तेव्हा उदाहरण हाताशी आहे. फुलबाजी माजघरात पेटवा. दहा मिनिटांत खोलीभर धूर कोंडतो आणि कोपऱ्यात बसलेल्या माणसालाही ठसका लागतो. तीच अंगणात पेटवा. अगदी तोंडाजवळ धरली नाही तर धूर कुणाच्या नाकातही जात नाही. रोगी माणूस बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडताना जे सूक्ष्म कण बाहेर टाकतो त्यांचे असेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये हा रोग हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले होते. हवेतून पसरतो, विशेषतः कोंदट गर्दीच्या जागी, हे तिने एप्रिल २०२१ अखेर नीट मान्य केले. मधल्या वर्षभरात आपण मेथीच्या जुड्या धुतल्या, दुधाच्या पिशव्या पुसल्या आणि खिडक्या मात्र लावून घेतल्या.

आकडे त्याआधीच येऊ लागले होते. चीनमध्ये संशोधकांनी २०२० च्या सुरुवातीचे ७,३२४ रोगी तपासले. त्यांत उघड्यावर लागण झाल्याची घटना एकच सापडली आणि तीत रोगी दोन. आयर्लंडमध्ये मार्च २०२१ अखेरपर्यंतच्या २,३२,१६४ रोग्यांपैकी उघड्यावरच्या कामांशी व हालचालींशी संबंध जुळला तो २६२ जणांचा, म्हणजे हजारी एक. उघड्यावरची लागण शोधून काढणे अवघड असते, तेव्हा हा आकडा खरा दसपट असेल असे धरू. तरी शेकडा एक! निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या अभ्यासकांनीही उघड्यावरची लागण दहा टक्क्यांहून कमी आणि बंद जागेतली जोखीम जवळजवळ एकोणीस पट असा निष्कर्ष काढला. जपानी सरकारने तर २०२० च्या वसंत ऋतूतच लोकांना तीन गोष्टी टाळायला सांगितल्या होत्या: कोंदट जागा, गर्दी आणि तोंडाला तोंड लावून बोलणे. त्या यादीत मैदान नव्हते.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे, नाही तर मोकळ्या हवेचे भक्त तिला अमृत ठरवतील. खंबाटकी उतरून वाईवरून पुढे गेले की पसरणीचा घाट, आणि वर पाचगणी. तिथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनिटोरियम काढले. क्षयावर औषध नव्हते. उघडे व्हरांडे, विश्रांती, दूध-अंडी आणि डोंगरावरची हवा हाच उपचार. औषधे आली तेव्हा मद्रासच्या डॉक्टरांनी रोग्यांचे दोन गट करून एकाला सॅनिटोरियममध्ये आणि दुसऱ्याला घरी तीच औषधे दिली; १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की दोन्ही गट सारखेच बरे झाले. तेव्हा रोग बरा करायचा तो औषधाने. पण व्हरांड्यात खाट टाकण्याचे दुसरे फळ कोणी नाकारू शकत नाही: खोकणाऱ्याच्या शेजारची परिचारिका कोंदट खोलीत नव्हती. हवा हे औषध नव्हे. ती वाहून नेणारी आहे, एवढेच तिचे काम आणि तेवढे पुरे आहे.

आता आक्षेप. सर्वांत मोठा गर्दीचा, आणि तो मी हलका मानत नाही. खंडाळा तालुक्यातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. आषाढीच्या वारीसाठी आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडते, पादुकांना नीरास्नान घडते आणि सातारा जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम लोणंदला पडतो. लाखो माणसे, सगळी उघड्यावरच. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.तून पंढरीस गेल्या. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या वारी आहे त्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले असेल, तरीही तो निर्णय बरोबर होता. वारी म्हणजे काही नुसते चालणे नव्हे. एका राहुटीत दाटीने झोपणे आहे, एका पंगतीत जेवणे आहे, खांद्याला खांदा लावून अभंग म्हणणे आहे. जोखीम आभाळाखाली चालण्यात नव्हती, त्या दाटीत होती. हाच भेद वारीबाबत आपल्याला कळला आणि ओसाड मैदानाबाबत कळू नये?

मुंबईत २०२० च्या जूनमध्ये मरीन ड्राइव्हवर लोक लोटले तेव्हा मुख्यमंत्र्यांना पुन्हा बंदीचा इशारा द्यावा लागला. त्यावरून मोकळीक दिली की लोक ताळ सोडतात, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. मला उलट दिसते. अडीच महिने कोंडलेल्या शहराला श्वास घ्यायला जागा थोड्या, आणि त्या सगळ्या एकाच दिवशी, ठरलेल्या तासांपुरत्या उघडलेल्या. एका नळावर साऱ्या चाळीला पाणी भरायला लावायचे आणि बायका भांडतात म्हणून हसायचे, त्यातला हा प्रकार. पहाटे पाच ते नऊ अशी वेळ बांधून दिली की सारे गाव त्याच चार तासांत एकमेकांच्या अंगावर येणार. वेळ जितकी लांब तितकी गर्दी विरळ, हे रेशनच्या दुकानावर उभ्या राहिलेल्या कोणालाही सांगता येईल.

आणखी एक आक्षेप खंडाळ्याकडच्या लोकांचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. मोकळ्या हवेच्या नावाखाली पुण्या-मुंबईच्या मोटारींची रांग खंबाटकी चढून महाबळेश्वरी जाणार असेल तर तो घरात कोंडलेल्यांचा विरंगुळा नव्हे. सातारा जिल्ह्याने दोन्ही लाटांत फार सोसले. तालुक्याच्या दवाखान्यात खाटा मोजक्या. तिथे शहराने आपला रोग आणून टाकू नये. कास पठार २०२० च्या फुलांच्या हंगामात पर्यटकांना बंद होते, आणि फुलांचे त्यावाचून काही अडले नाही. मी म्हणतो ती मोकळीक पायी पोचता येईल तेवढीच आहे: आपल्या पेठेतली बाग, आपल्या शाळेचे पटांगण, गावामागची टेकडी.

मुलांचे काय झाले याचा हिशेब अजून कोणी पुरा मांडलेला नाही. स्पेनमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना मार्चच्या मध्यापासून उंबरा ओलांडू दिला नव्हता; २६ एप्रिल २०२० रोजी त्यांना दिवसाला एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत, घरातल्या एका मोठ्या माणसाबरोबर बाहेर पडण्याची परवानगी मिळाली. सहा आठवड्यांच्या बंदीची तिथे केवढी चर्चा झाली! आपल्याकडे शहरातल्या पहिली ते चौथीच्या शाळा डिसेंबर २०२१ मध्ये उघडू लागल्या. पहिलीत नाव घातलेले पोर एकदम दुसरी-तिसरीत जाऊन बसले. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले आणि मुले रस्त्यावर अंतराअंतराने उभी राहून शिकली. हे ज्यांना सुचले त्यांच्याकडे ना दुर्बीण होती ना प्रयोगशाळा. इतर ठिकाणी शाळेचे पटांगण समोर रिकामे पडलेले, त्यात गवत गुडघाभर वाढलेले, आणि मुले खोलीत मोबाइलच्या चौकटीत बाईंचा तुटक आवाज ऐकत बसलेली. मुलींचे तर आणखी वेगळे. मुलगा निदान दूध आणायच्या निमित्ताने कोपऱ्यापर्यंत जाऊन येई.

करायचे काय, ते फार अवघड नाही. पुढच्या वेळी बंद करण्याच्या यादीत मैदान, बाग आणि टेकडी सर्वांत शेवटी असावी, आणि उघडण्याच्या यादीत सर्वांत आधी. वेळ दिवसभराची असावी. म्हाताऱ्यांसाठी दुपारचे दोन तास वेगळे ठेवता येतील. घोळका, खाण्याच्या गाड्या आणि सामने बंद. दोरीच्या उड्या, चालणे, सायकल चालू. व्यायामशाळेचा तालीमबाज हौद बंद असला तरी जोर-बैठका उघड्यावर काढता येतात. बाकांवर एकाआड एक खूण करावी. त्याला चुन्याची एक बादली पुरते. सुट्टीत कुलूपबंद पडणारी शाळांची पटांगणे आळीतल्या लोकांना पाळीपाळीने उघडून द्यावीत. प्रत्येक आळीत एक तरी निवृत्त व्यायामशिक्षक असतोच, शिट्टी खिशात ठेवून कामाची वाट पाहणारा. पटांगणाची किल्ली त्याच्याकडे द्यावी. रोज संध्याकाळी किती माणसे आली आणि किती जण चिकटून उभे राहिले, हे तो वहीत लिहून ठेवील, आणि महिनाअखेर ती वही पालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांनी चाळावी.